मे महिन्यात भाड्याचा फ्लॅट बघतोय, जूनमधली ओल आत्ताच कशी ओळखायची?

दोन_पर्याय

पुण्यात भाड्याचे दोन फ्लॅट शेवटच्या फेरीत आहेत. पहिला कोथरूडला: नव्वदच्या दशकातली तीन मजली इमारत, लिफ्ट नाही, फ्लॅट सगळ्यात वरचा, थेट गच्चीखालचा. भाडं २५,०००, डिपॉझिट ७५,०००. आत नुकताच रंग दिलाय. दुसरा वाकडला, टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर, कपाटं, बेड, गीझर, एसी सगळं धरून २९,०००. राहणारे चौघं.

एजंटनं दोन्ही घरं पंधरा-पंधरा मिनिटांत दाखवली, दिवे लावून आणि खिडक्या उघडून. येत्या शनिवारी प्रत्येक ठिकाणी तासभर मिळणार आहे. आत्ता सगळं कोरडं ठाक आहे, मग पावसाळ्यात कुठं गळेल हे कळू शकतं का? पाणी आणि वायरिंग नेमकं कसं तपासायचं? सोबत काय न्यावं? आणि मालकाकडे कागद कोणते मागावेत? "भिंती, नळ, दिवे नीट बघून घ्या" एवढं सगळेच सांगतात. बघायचं म्हणजे हातानं काय करायचं, ते हवंय.

---

पुट्टी_आणि_प्लास्टर

कोथरूडच्या घराबद्दल आधी. वरचा मजला, जुनी इमारत आणि ताजा रंग हे तिन्ही एकत्र आलेत, तेव्हा तासातला निम्मा वेळ ओलीसाठीच ठेवा.

पाणी वाळतं, क्षार वाळत नाहीत. विटा आणि सिमेंटमधले क्षार ओलीबरोबर पृष्ठभागावर येतात आणि पाणी उडून गेलं की पांढरी पूड मागं राहते. तोच लोणा. नवा रंग त्याला काही महिने झाकतो, पण रंगारी सगळीकडे पोचत नाही. म्हणून माळ्याच्या आतली भिंत, कपाटाची पाठ, ओट्याखालचा कोपरा, बेसिनमागची जागा आणि स्विचबोर्डाच्या कडा बघा. बोट फिरवल्यावर पांढरं लागलं तर तिथं ओल येऊन गेलेली आहे.

मोठ्या भिंतींसाठी दिवे बंद करा, पडदे ओढा आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून उजेड तिरका मारा. समोरून सपाट दिसणाऱ्या भिंतीवर पुट्टीचे ठिगळ, फुगवटे, खरवडून पुन्हा भरलेले पट्टे सावलीसकट उठून दिसतात. एकाच भिंतीला ठिगळं आणि बाकीच्या तिन्ही साफ, असं असेल तर रंग कशासाठी दिला हे वेगळं विचारायला नको.

स्लॅबचं पाणी जिथं भेग असते तिथंच टपकत नाही, हे लक्षात ठेवा. ते स्लॅबमधल्या वायरिंगच्या नळीतून वाहत पंख्याच्या हुकापाशी किंवा ट्यूबच्या पॉइंटवर उतरतं. पंख्याचा वरचा कप खाली सरकवून आत गंज आहे का पाहा (पंखा बंद करून!). छतावर चहाच्या कपाच्या डागासारखं तपकिरी कड असलेलं वर्तुळ दिसलं तर तिथं पाणी थांबलं होतं. एकात एक अशी दोन-तीन वर्तुळं असतील तर ते दोन-तीन वेळा.

मग गच्चीवर जा. किल्ली वॉचमनकडे किंवा चिटणिसांकडे असते, आधी सांगून ठेवा. पावसाळी पाइपाचं तोंड पालापाचोळ्यानं भरलंय का, कोब्याला (गच्चीवरच्या सिमेंटच्या थराला) लांब भेगा आहेत का, कठड्याची भिंत आणि गच्ची जिथं मिळतात तिथली गोलाई तुटली आहे का, आणि कुणी केबलसाठी किंवा डिशसाठी कोब्यात खिळे ठोकलेत का, एवढं पाहा. तुमच्या हॉलच्या बरोब्बर वर पाण्याची टाकी असेल तर तिच्या खालच्या पायांभोवतीही बघा. ओव्हरफ्लोचं पाणी तिथंच मुरतं.

आता भिंती. आपल्याकडे पावसाची झड पश्चिम आणि नैऋत्येकडून येते, त्यामुळे त्या बाजूची बाहेरची भिंत आधी, बाकीच्या नंतर. खाली उतरून, रस्त्यावरून त्या भिंतीकडे नजर टाका. कॉलम-बीम आणि वीटकाम यांच्या जोडावर सरळ, बारीक भेग बहुतेक जुन्या इमारतींत असते, कारण दोन्ही सामग्री उन्हानं वेगवेगळ्या मापानं फुगतात. तिनं इमारत पडत नाही, पण पाणी मात्र आत येतं. तिरकी, खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली आणि एका टोकाला रुंद होत गेलेली भेग वेगळी. तिच्यात व्हिजिटिंग कार्डाची कड सहज जात असेल तर फोटो काढून माहितगाराला दाखवा.

बाथरूमचं छत आणि छज्जे मान वर करून बघा. सळई गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून पाडते. सळईच्या रेषेत तपकिरी पट्टा किंवा पोपडा दिसला तर नाण्यानं ठोका, पोकळ आवाज येईल. इमारत तीस वर्षांची असेल तर सोसायटीला संरचनात्मक परीक्षण कधी झालं हे विचारा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीसाठी दर ५ वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीसाठी दर ३ वर्षांनी ते करायला सांगितलं आहे.

खिडकीची परीक्षा सोपी आहे. सरकत्या अ‍ॅल्युमिनियम खिडकीच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला पाणी जायची छोटी भोकं असतात. खाली कुणी नाही ना, हे बघून पट्टीत अर्धा मग पाणी ओता. बाहेर गेलं तर ठीक. तुंबून आत सांडलं तर जुलैत रोज फडकं पिळायचं आहे. बऱ्याचदा रंगारी किंवा सिलिकॉन मारणारा ही भोकंच बुजवून टाकतो.

---

दोन_पर्याय

गच्चीचं आणि खिडकीच्या भोकांचं डोक्यातच नव्हतं. ऑनलाइन ओलावा मोजायचं दोन पिनांचं यंत्र मिळतं, ते घेऊ का?

---

पुट्टी_आणि_प्लास्टर

नको. ते लाकडासाठी बरं. भिंतीत क्षार असले की भिंत कोरडी असूनही आकडा वर जातो, आणि पिना प्लास्टरपर्यंत पोचल्याच नाहीत तर नुसती पुट्टी मोजली जाते. त्यापेक्षा नाक वापरा. एजंटला सांगा की खिडक्या आम्ही आल्यावरच उघडा. बंद घरात पहिलं पाऊल टाकताना जो वास येतो तो पुढच्या पाच मिनिटांत जाणवेनासा होतो. कपाटाचं दार उघडून डोकं आत घाला. कुबट वास आणि पाठीच्या प्लायचा खालचा काठ फुगलेला, म्हणजे पलीकडे बाथरूम आहे आणि तिथून पाणी येतंय.

---

नळ_आणि_नाहणी

तिथूनच पुढे नेतो. बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत, जमिनीपासून फूट-दीड फुटापर्यंत, हीच नेहमीची जागा. स्कर्टिंगच्या फरशा ठोकून बघा, आणि त्यावरचा रंग उकलतोय का तेही.

पण सगळ्यात खात्रीची तपासणी तुमच्या फ्लॅटमध्ये होतच नाही. खालच्या मजल्यावरच्या घराची बेल वाजवा आणि विचारा, "वरच्या बाथरूमचं पाणी तुमच्याकडे उतरतं का?" उतरत असेल तर आज ना उद्या तुमचं बाथरूम फोडलं जाणार, तेही तुम्ही राहत असताना. फरशी काढणं, वॉटरप्रूफिंग, पाणी भरून चाचणी, पुन्हा फरशी. आठ-दहा दिवस एक बाथरूम गेलं असं धरा. एकच बाथरूम असेल तर विचार करा.

आता हातानं करायच्या गोष्टी. हातात दहा लिटरची बादली आणि मोबाईलमधलं घड्याळ. नळ पूर्ण उघडून बादली किती सेकंदांत भरते ते बघा. ६० सेकंद म्हणजे मिनिटाला १० लिटर, उत्तम. दोन मिनिटं लागली तर शॉवरखाली उभं राहून उपयोग नाही. मग स्वयंपाकघराचा नळ आणि फ्लश एकदम चालू करून बाथरूमची धार पुन्हा बघा, कारण सकाळी सात वाजता तुमच्या घरात हेच होणार आहे.

कोथरूडला वरचा मजला आहे, तिथं अडचण धारेची. टाकीची पातळी नळाच्या जितके मीटर वर, तितका दाब, आणि १० मीटरला जेमतेम १ किलो (दर चौरस सेंटिमीटरला). टाकी तुमच्या शॉवरच्या तीन मीटर वर असेल तर ०.३ किलो. एवढ्यात बादली भरते, पण फुल ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन "पाणी नाही" म्हणून थांबू शकतं आणि आरओला बूस्टर पंप लागतो. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत कमीत कमी दाब लिहिलेला असतो, तो आधी वाचून जा.

नाहणीत दोन बादल्या एकदम ओता. पाणी कुठल्या कोपऱ्यात साचतं, नाहणीकडे उतार आहे का, आणि मुख्य म्हणजे शेजारच्या बेसिनखालून किंवा वॉशिंग मशीनच्या पॉइंटमधून ते वर येतं का, ते बघा. वर आलं तर पुढची लाइन तुंबलेली आहे. घर महिनाभर बंद असेल तर नाहणीत साठून राहणारं पाणी उडून जातं आणि गटाराचा वास येतो. तो दोष नव्हे. पाणी ओतून दहा मिनिटांनी पुन्हा वास घ्या. गेला तर ठीक, राहिला तर ट्रॅप (पाणी धरून वास अडवणारा नाहणीखालचा भाग) फुटका आहे किंवा बसवलेलाच नाही. झुरळंही तिथूनच येतात.

फ्लशच्या टाकीत थोडी शाई किंवा हळदीचं पाणी टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेलाय. दुरुस्ती किरकोळ, पण टँकरच्या सोसायटीत ही गळती महागात जाते. भिंतीलगतचे अँगल कॉक हलक्या हातानं बंद करून उघडा. जाम झालेला कॉक जोर लावून फिरवू नका, तुटला तर बिल तुमच्या नावावर. फक्त "जाम आहे" अशी नोंद करा. ओट्याखालच्या वेस्ट पाइपाभोवती कोरडा कागदी रुमाल गुंडाळा, सिंक भरून एकदम सोडा. रुमाल ओला झाला तर जोड गळतोय.

वाकडबद्दल. तो भाग पिंपरी-चिंचवड महापालिकेत, पाणी पवना धरणाचं, आणि तिथं २०१९ च्या अखेरीपासून दिवसाआड पुरवठा आहे. उरलेलं बोअर आणि टँकर. म्हणून "पाणी चोवीस तास आहे" हे उत्तर अर्धवट समजा. विचारायचं असं: महापालिकेचं किती, बोअरचं किती, मे महिन्यात रोज टँकर किती येतात, आणि त्याचा खर्च देखभालीत धरलेला की वेगळा? हे एजंटला नको, गेटवर टँकरची वही लिहिणाऱ्या वॉचमनला विचारा. माणशी १३५ लिटर हा रोजचा मानक हिशेब, चौघांना ५४०. सोसायटी वेळेनं पाणी सोडत असेल तर घरात साठवायला टाकी आहे का, आणि ती किती लिटरची?

---

कोथरूडकर_मुळचा

नळराव, सगळं पटलं, एक भर. दोनशे-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर न्या. खडकवासला धरणाचं पाणी मऊ, आकडा कमी येतो. बोअरचं असेल तर पाचशेच्या पुढं सहज. म्हणजे पाणी शुद्ध आहे की नाही लगेच कळतं.

---

नळ_आणि_नाहणी

मीटर न्या, पण शेवटचं वाक्य चुकीचं आहे. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. गटाराचं पाणी मिसळलेल्या नळालाही १५० दाखवू शकतो. जंतूंबद्दल तो काहीच सांगत नाही. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. या मीटरचा खरा उपयोग तुलनेसाठी. स्वयंपाकघरातला नळ, बाथरूमचा नळ आणि बेसिन, तिन्ही मोजा. पहिल्याला १२० आणि दुसऱ्याला ७०० आलं तर पिण्याला महापालिकेचं आणि वापरायला बोअरचं. सगळीकडे ४०० आलं तर खालच्या टाकीत दोन्ही एकत्र होताहेत.

मीटर नसला तरी शॉवरची जाळी काढून बघा. भोकं पांढऱ्या खड्यांनी बुजली असतील तर गीझरच्या कॉइलवरही तोच थर आहे. गीझर चालू करताच आतून तडतड, उकळल्यासारखा आवाज येतो. थर जाड झाला की पाणी तापायला उशीर लागतो आणि कॉइल जळते. ती कोणी बदलायची, हे आधीच बोलून घ्या.

---

फेज_न्यूट्रल

वायरिंगचं माझ्याकडून. न्यायचं सामान: तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर (दोन-तीनशे रुपयांत मिळतो), असला तर मल्टिमीटर, आणि घरातली १,५०० वॅटची किटली किंवा इस्त्री. नुसता स्क्रूड्रायव्हर टेस्टर पुरत नाही. तो फेज दाखवतो, अर्थिंग आहे की नाही हे दाखवत नाही, आणि जुन्या घरात नेमकं तेच गायब असतं.

प्रत्येक सॉकेटमध्ये टेस्टर घाला. मोठं भोक वर, म्हणजे अर्थ. समोरून बघताना उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल हवा. उलटं असेल तर उपकरण चालतं, पण स्विच बंद केल्यावरही त्याच्या आत वीज राहते. मल्टिमीटर असेल तर फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळजवळ तितकंच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ ९०, १२० असलं काही भलतंच आलं तर अर्थची तार कुठंतरी तुटलेली आहे. फ्रीज, गीझर, वॉशिंग मशीन आणि एसी, हे चार पॉइंट सोडू नका. काहीजण फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून तपासतात. ते करू नका. अर्थ तुटकी असेल तर घरातल्या सगळ्या उपकरणांच्या पत्र्यात वीज उतरू शकते.

डीबी, म्हणजे घरातली मेन स्विचची पेटी, उघडा. आरसीसीबी म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा, चाचणीचं बटण असलेला रुंद स्विच. त्यावर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं हवं. बटण दाबलं की घराची वीज लगेच गेली पाहिजे. नाही गेली तर तो नुसता शोभेचा. नव्वदच्या दशकातल्या पुष्कळ घरांत तो मुळात नसतोच. मालकानं बसवून द्यावा अशी अट घाला, वायरिंगमध्ये अडून बसण्यासारखी हीच एक गोष्ट आहे. एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा छोटा स्विच) वारंवार पडतो म्हणून कुणी १६ अँपिअरच्या जागी ३२ चा लावलाय का तेही बघा. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला की वायर जळेपर्यंत तो पडत नाही. एसीला स्वतंत्र लाइन आणि ४ चौरस मिलिमीटरची तार हवी, गीझरला निदान २.५.

मग भार टाका. गीझर, एसी आणि इस्त्री एकदम, पंधरा मिनिटं. २ किलोवॅटचा गीझर साधारण ९ अँपिअर घेतो, दीड टनाचा एसी सात-आठ. पंधरा मिनिटांनी हाताची मागची बाजू स्विचच्या प्लेटवर ठेवा. कोमट लागली तर आतला स्क्रू सैल आहे. दिवे मंद झाले किंवा सॉकेटवरचं व्होल्टेज दहाहून जास्त उतरलं तर तार बारीक आहे किंवा जोड कच्चा. ही परीक्षा एजंटला आवडत नाही, कारण त्यात त्याची पंधरा मिनिटं जातात.

आता मीटर. खाली मीटरच्या खोलीत जाऊन बिलावरचा मीटर क्रमांक जुळवा. एकानं घरातला मेन बंद करायचा, दुसऱ्यानं मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा बघायचा. दोन-तीन मिनिटांत तो लुकलुकता कामा नये. लुकलुकला तर दुसऱ्या कुणाचा तरी भार तुमच्या मीटरवर आहे, बहुतेक वेळा जिन्यातला दिवा किंवा पंप. मग फक्त गीझर लावा. मीटरवर एका युनिटला ३,२०० ठोके (दिव्याचं लुकलुकणं) लिहिलं असेल तर २ किलोवॅटला मिनिटाला १०७ च्या आसपास ठोके पडले पाहिजेत. एकाला मोजायला लावा, कंटाळवाणं आहे, पण मीटर पळतोय की नाही हे तिथंच समजतं.

महावितरणच्या बिलावर बारा अंकी ग्राहक क्रमांक असतो. त्यावरून थकबाकी ऑनलाइन दिसते. बिलावरच मंजूर भार आणि मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. मंजूर भार १ किलोवॅट असेल आणि तुम्हाला दोन एसी लावायचे असतील तर तो वाढवून घ्यायचा अर्ज मालकाच्याच नावानं जाणार. आणखी एक: आर्थिक वर्ष संपलं की अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं. ती ठेव जोडणीच्या नावावर जमा राहते, म्हणजे मालकाची. भाडेकरू न वाचता भरून टाकतात.

---

दोन_पर्याय

वाकडला गीझर इलेक्ट्रिकच आहे. कोथरूडला मात्र बाथरूमच्या आत गॅस गीझर आहे, मालक म्हणतात "वर झरोका आहे, चालतं".

---

फेज_न्यूट्रल

चालत नाही. गॅस गीझर बाथरूममधली हवाच जाळतो आणि हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. अंघोळीला गेलेला माणूस आतच बेशुद्ध पडतो. गीझर बाहेर, हवेशीर ड्राय बाल्कनीत हलवायचा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणायचा, नाहीतर इलेक्ट्रिक बसवायचा. हे करारापूर्वी झालं पाहिजे, "राहायला आलात की बघू" यावर नाही.

गॅसवर आलोच आहोत तर: शेगडीच्या नारिंगी सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली की बदलायची. पाइप गॅस असेल तर सगळ्या बर्नरच्या कळी बंद करून मीटरचे शेवटचे आकडे दहा मिनिटं बघा, हलले तर गळती. जोडांवर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात. काडी पेटवून शोधायला जाऊ नका.

---

पुट्टी_आणि_प्लास्टर

वाकडच्या फर्निचरबद्दल कुणी बोललं नाही. बेड उचलून, गादीच्या शिवणी आणि प्लायच्या सांध्यांत टॉर्च मारा. मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसले तर ढेकूण. पातळ कार्ड सांध्यातून फिरवलं की बाहेर येतात. फवारणी एकदा करून भागत नाही, अंड्यांतून निघालेल्यांसाठी दोनेक आठवड्यांनी पुन्हा करावी लागते, आणि तोवर तुमच्या कपडेपेटीलाही लागण झालेली असते. ढेकूण दिसले तर बेड-गादी काढायला सांगा, रिकामं घर परवडलं. वाळवीसाठी दाराची चौकट खालून ठोका. मातीची बारीक नळी चढलेली असेल किंवा पेनाचं टोक लाकडात घुसत असेल तर आतून पोखरलंय. ट्रॉलीच्या बिजागऱ्यांमागं झुरळांची अंडी बघा, बाकी ट्रॉली वाजते-खडखडते त्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल.

---

चिटणीस_काका

कागदांबद्दल लिहितो. मालकाला राग येईल अशी काळजी करू नका. नोंदणीच्या वेळी यांतले निम्मे कागद तसेही लागतात.

मालकीसाठी इंडेक्स टू (नोंदलेल्या खरेदीचा उतारा), मिळकत कराची पावती आणि वीजबिल, तिन्हीवरचं नाव जुळलं पाहिजे. नाव वडिलांचं आणि करार मुलगा करणार, असं असेल तर मुखत्यारपत्र मागा. दारावर किंवा नोटीस बोर्डावर बँकेच्या जप्तीची नोटीस नाही ना, एवढं चालता चालता बघून घ्या. सोसायटीची देखभाल थकली आहे का हे आमच्यासारख्या चिटणिसाला विचारलं तर दोन मिनिटांत कळतं. फ्लॅट भाड्यानं दिल्याबद्दल सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, २००१ सालचा शासनाचा आदेश आहे. ते भाडेकरूच्या माथी मारण्याची पद्धत रूढ होत चालली आहे, करारात कुणाकडे आहे ते स्पष्ट लिहा.

करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदणीची जबाबदारी कायद्यानं मालकावर टाकली आहे. करार लेखी नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, हे मालकाला नम्रपणे सांगितलं की नोटरीवर भागवण्याचा आग्रह बहुधा संपतो. खर्चही फार नाही. तुमच्या कोथरूडच्या आकड्यांवर ११ महिन्यांचं भाडं २,७५,०००, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर १० टक्के दरानं ११ महिन्यांचं व्याज ६,८७५. बेरजेच्या ०.२५ टक्के मुद्रांक, म्हणजे सातशेच्या थोडं वर, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंट याचे पाच-सहा हजार सांगत असेल तर हिशेब मागा.

शनिवारी सापडलेले दोष तोंडी सांगून सोडू नका. खोलीवार व्हिडिओ काढा, शेवटी वीज मीटर आणि गॅस मीटरचे आकडे घ्या, आणि त्याच संध्याकाळी मालकाला यादीसकट पाठवा. यादी दोन भागांत करा: ताबा घेण्याआधी मालक काय दुरुस्त करणार, आणि काय आहे तसं आपण स्वीकारतोय. दुसरा भाग लोक विसरतात, आणि घर सोडताना डिपॉझिट तिथंच कापलं जातं. हीच यादी करारात परिशिष्ट म्हणून लावा. त्यात "एसी १" असं नव्हे, तर कंपनी, टनेज, चालू आहे की नाही आणि पत्र्याला पोचा कुठं आहे, इथपर्यंत.

गळतीची अट वेगळी लिहा. बाहेरच्या सामायिक पाइपाची आणि गच्चीची गळती सोसायटीच्या खर्चाची, घराच्या आतली मालकाची. तुम्हाला फक्त एवढं हवं: लेखी कळवल्यापासून १५ दिवसांत दुरुस्ती सुरू झाली नाही तर लॉक-इन (ठरल्या मुदतीआधी घर न सोडण्याची अट) लागू राहणार नाही. रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार असतील तर आकडा आत्ताच ठरवा. "प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे" हे शब्द खोडून घ्या.

पार्किंगचा क्रमांक करारात लिहायला विसरू नका. वाकडला यांत्रिक पार्किंग असेल तर पाळण्याची उंची मोजा, उंच गाडी वरच्या पाळण्यात बसत नाही.

---

दोन_पर्याय

सगळ्यांचे आभार. एजंटचा आत्ताच फोन आला: कोथरूडच्या घराला "दुसरी पार्टी" आहे, आजच १०,००० टोकन दिलं तर शनिवारपर्यंत थांबवतो म्हणतोय. द्यावं का?

---

चिटणीस_काका

द्यायचंच असेल तर एजंटच्या नव्हे, मालकाच्या बँक खात्यात, आणि २,००० पुरे. त्याआधी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा: "शनिवारच्या तपासणीनंतर पसंत न पडल्यास रक्कम तीन दिवसांत परत. गॅस गीझर बाहेर हलवणं आणि आरसीसीबी बसवणं ताब्यापूर्वी मालकाकडून." त्यांचं "हो" आलं की मग पैसे. "हो" आलं नाही तर शनिवारची फेरी वाकडला लावा.

---

नळ_आणि_नाहणी

आणि वाकडला सकाळी सातला जा, अकराला नव्हे. अकराला सगळ्यांच्याच नळाला धार असते.